चौथाई भाड्याचं तिकीट

माथेरानच्या बाजाराच्या मागच्या अंगाला मालतीबाई खारकरांचं उतारूघर होतं. मालतीबाई मूळच्या कर्जतच्या. यजमान गोपाळकृष्णपंत तिथल्या शाळेत मास्तर होते. ते गेले, पदरी मूलबाळ नव्हतं, तेव्हा दिरांनी समजूत काढून त्यांना घरातच एका खोलीत बसवायचा बेत केला होता. मालतीबाईंनी तो मानला नाही. डोंगरावरचं सासऱ्यांचं जुनं घर मागून घेतलं, कौलं शाकारली, चार खोल्या केल्या आणि हंगामात मुंबईची, पुण्याची बिऱ्हाडं ठेवायला सुरुवात केली.

या धंद्यात त्या चांगल्या तयार झाल्या होत्या. 'दरीकडची खोली' म्हणजे काय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्याच घरात एक दरीकडची खोली होती. खिडकीतून मान बाहेर काढून डावीकडे पुरती वळवली, तर जांभळींच्या फांद्यांतून दरीचा तुकडा दिसायचा. खोटं बोलल्याचा बोल लागत नव्हता आणि भाडं चढं मिळत होतं. तेव्हा दुसरा कुणी गोड बोलून आपल्याला काही विकायला आला, की त्यातली मान कुठे वळवावी लागणार आहे, हे बाई आधी शोधून काढत.

एका वर्षी दिवाळीत शरच्चंद्र वैद्य नावाचा एक गृहस्थ त्यांच्याकडे उतरला. तिशीच्या आतला, नीटनेटका, कोटाच्या खिशात घड्याळ. मुंबईच्या एका दर्यासहल कंपनीसाठी तो प्रवासी जमवत होता. पौष महिन्यात, समुद्र शांत असताना, एक आगबोट नुसती सहलीला म्हणून निघायची होती. मुंबईहून जंजिरा, रत्नागिरी, मालवण आणि परत. ना माल, ना टपाल. जेवणखाण बोटीवर, किल्ले दाखवायची सोय कंपनीची. संध्याकाळी ओट्यावर बसून त्याने बोटीचं रंगीत चित्र पाहुण्यांपुढे धरलं, तेव्हा मालतीबाई आतून येऊन दाराशी उभ्या राहिल्या.

"ह्या खिडक्या दिसतात, त्या खोल्यांना आहेत की वाटेला?" त्यांनी विचारलं.

शरच्चंद्रने मान वर केली. "खोल्यांना आहेत बाई. वरच्या वर्गाच्या."

"सगळ्या?"

"बहुतेक."

"म्हणजे काहींना नाहीत. मग मला जी मिळेल तिला खिडकी असल्याचं आत्ताच लिहून द्यायचं. इंजिनापासून लांब, स्वयंपाकघराच्या शेजारी नाही. आणि समुद्र खवळला, बोट मालवणला थांबलीच नाही, तर पैसे परत किती?"

ओट्यावरचे पाहुणे हसले. शरच्चंद्रही हसला, पण त्याने खिशातली पेन्सिल काढली. त्या दोघांचं बोलणं दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहालाही चाललं. किल्ल्यावर न्यायच्या होडीचं भाडं धरलेलं आहे का, जेवण मराठी की गोऱ्यांच्या चवीचं, खोलीतला दुसरा बिछाना कुणाला देणार. प्रत्येक प्रश्नाला त्याने उत्तर दिलं आणि जे कंपनी देणार नाही ते देणार नाही म्हणून सांगितलं. बाईंना तो आवडला. शेवटी त्यांनी भाड्यातही थोडी सूट ओढून घेतलीच.

"सोबत कुणी आहे?" त्याने विचारलं.

"आमची चिमा."

अंगणात झाडत असलेल्या चिमाकडे त्याने पाहिलं. "मग दुसरं पुरं तिकीट कशाला घेता? वरच्या वर्गाबरोबर नोकराचं तिकीट मिळतं. चौथाई भाडं. निजायला खाली जागा असते, जेवण असतं. पुष्कळ मंडळी तसंच करतात."

मालतीबाईंनी क्षणभर विचार केला. दोन पुरी तिकिटं त्यांना जड होती, हे खरं. आणि हिशेबात एवढी चोख सूट समोर येऊन उभी राहिली असताना ती सोडून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. खाली निजायचं म्हणजे फक्त रात्रीपुरतं. दिवसभर चिमा आपल्याजवळच असणार, असं त्यांनी मनाशी धरलं. चौथाई म्हणजे नेमकं काय काय, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला नाही.

चिमा ठाकराची. चौक गावाच्या वर, डोंगराच्या पोटात तिची वाडी. पोरवयात रामबागेच्या वाटेने लाकडाच्या मोळ्या घेऊन वर चढायची. पुढे पाणी भरायला लागली, मग धुणंभांडी, आणि होता होता मालतीबाईंच्या घरातला दुसरा हात झाली. गेल्या पावसाळ्यात बाईंना हिवतापाने धरलं तेव्हा सगळं माथेरान ओस पडलेलं होतं. चिमा आपलं घर, आपला नवरा लडकू सोडून त्यांच्या उशाशी राहिली. तापातून उठल्यावर बाई म्हणाल्या होत्या, "तुला काय हवं ते माग." चिमाने साडीचोळी मागितली नाही. पश्चिमेच्या टोकावरून निवळ दिवशी लांब जे चकाकतं, ते जवळून बघायचंय, असं ती म्हणाली होती.

"चिमे," बाईंनी तिला हाक मारून सांगितलं, "आपण दोघी जायचं. बोटीने, पार मालवणपर्यंत. माझ्या जोडीने."

चिमाचा केरसुणीचा हात थांबला. "तुमच्या जोडीनं? म्हंजे कामाला नाय?"

"कामाला कशाला गं? दर्या बघायला."

ही बातमी वाडीवर गेली. लडकू म्हणाला, "बुडलीस तर तुला हुडकू कुठं?" पण बायाबापड्या तिला बघायला येऊन गेल्या. तिची धाकटी बहीण आवडी, हिने आपलं ठेवणीतलं लुगडं तिला दिलं.

पौषात मुंबईच्या धक्क्यावर पोचल्यावर मालतीबाईंना पहिला झगडा करावा लागला तो खोलीपायी. बोटीवरच्या कारकुनाने त्यांना जी खोली दाखवली तिला खिडकी होती, पण ती स्वयंपाकघराच्या बोळात उघडत होती. तळलेल्या कांद्याचा वास आत भरलेला. बाईंनी ट्रंक उंबऱ्याबाहेरच ठेवली.

"ही माझी नव्हे."

"बाई, खिडकी आहे की."

"खिडकीतून समुद्र दिसला पाहिजे. मला कढई दिसते आहे. वैद्यांना बोलवा."

आवाज चढवायचा नाही, पण जागचं हलायचंही नाही, ही त्यांची रीत. शरच्चंद्र धावपळ करत आला. त्याने कारकुनाला बाजूला घेतलं, मग कपाळाचा घाम पुसत परत येऊन बाईंना दुसऱ्या बाजूची खोली उघडून दिली. गोल खिडकी, पलीकडे निळं पाणी. दुसऱ्या बिछान्यावर पुण्याच्या एका वकिलांची पत्नी होती, सुचेताबाई. माहेरी मालवणला उतरायची होती. "बरं झालं तुम्ही भांडलात," ती म्हणाली. "मी तर मिळेल त्यात गप्प बसले असते."

मालतीबाईंना बरं वाटलं. बोटीचा भोंगा झाला, धक्का मागे सरकू लागला. 'चिमे, बघ गं!' असं म्हणायला त्या वळल्या, तर मागे चिमा नव्हती.

ती खाली होती. खोलीवरून वाद चालला होता तेव्हाच एका खलाशाने तिचं तिकीट बघून तिला जिना दाखवला होता. मालतीबाई लोखंडी पायऱ्या धरत धरत उतरल्या. खालच्या मजल्यावर दोरखंडांची वेटोळी, भाजीच्या करंड्या, कोळशाचा धूर, आणि एका बाजूला ताडपत्रीवर बसलेली पाचसात माणसं. कुणाची आया, कुणाचा आचारी. चिमा बहिणीच्या लुगड्यात, गाठोडं मांडीवर घेऊन, त्या सगळ्यांपासून जरा बाजूला बसली होती. तिथून समुद्र दिसत नव्हता. पाण्याच्या वर हातभर उंचीवर एक लांबट भोक होतं, त्यातून फेस तेवढा आत उडत होता.

"चिमे, चल वर."

"नाय सोडत," चिमा म्हणाली. "मी गेलीवती. त्यो म्हणला, तुज्या बायनं घंटी वाजवली की यायचं. काम झालं की खाली."

"असं कोण म्हणतो? मी बघते."

"त्याच्याशी भांडू नका बाय. त्यानं तिकीट वाचून दाखवलं. नोकराचं हाय." चिमाने पहिल्यांदा वर पाहिलं. "मी चाकरीला आलीय का?"

मालतीबाई जिन्याकडे वळल्या. त्या तशाच वर आल्या आणि शरच्चंद्रला गाठलं. फरकाचे पैसे देते, तिला वरचं तिकीट करून द्या, म्हणाल्या. त्याने यादी काढून बघितली. वरच्या वर्गात एकही बिछाना रिकामा नव्हता. मग निदान दिवसा वर बसू द्या. तेही होणार नव्हतं. वरच्या वर्गाच्या मंडळींनी त्यासाठीच पैसे मोजलेत, एकाच्या नोकराला बसू दिलं की सगळ्यांचे येतील.

"हे मला आधी सांगायला हवं होतंत," बाई म्हणाल्या.

शरच्चंद्रने यादी मिटली. मग सभ्यपणेच म्हणाला, "बाई, तुम्ही बाकी सगळं विचारलंत. खिडकीचं विचारलंत, जेवणाचं विचारलंत. ह्याचं विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. मी तुम्हाला फसवलेलं नाही."

आणि ते खरं होतं. मालतीबाई कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. आयुष्यभर त्यांनी फसवणाऱ्यांवर नजर ठेवली होती. इथे बघायला गेलं तर कुणीच फसवलेलं नव्हतं. जे मागितलं, ज्या भावात मागितलं, ते कंपनीने चोख दिलं होतं. चिमाला जोडीने चल म्हणणाऱ्या त्या, आणि तिचं चौथाई तिकीट घेणाऱ्याही त्याच. आणखीही एक गोष्ट त्यांना आठवली. मुंबईच्या बिऱ्हाडांबरोबर जे गडी, ज्या आया येत, त्यांना त्या स्वतः कुठे निजवत होत्या? मागच्या पडवीत, लाकडं रचलेली असत तिथे. चौथाई भाड्यात. ती पडवी आजवर त्यांनी शंभरदा पाहिली असेल, पण तिथे रात्री वारा कुठून येतो याचा विचार कधी मनात आला नव्हता.

दुपारी त्या पुन्हा खाली गेल्या. वाटेत त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"चिमे, उद्या रत्नागिरी येईल. आपण तिथेच उतरू. दुसऱ्या बोटीने परत जाऊ. दोघी एकाच तिकिटावर, एकाच चटईवर बसू. मला ही सहल नको."

आपण काहीतरी मोठं सोडून देतो आहोत असं त्यांना वाटत होतं, आणि ते चिमाला कळेल असंही वाटत होतं.

"मालवण म्हणला होतात," चिमा म्हणाली.

"हो, पण..."

"मंग मी मधीच का उतरू? तुमचं मन दुखतंय म्हणून? वाडीवर सांगून आलीय मी, मालवणला चाल्लीय." तिचा आवाज चढला तशी शेजारची आया इकडे बघायला लागली. "आदी मला खाली घातलात. आता माघारी नेताव. दोनी टायमाला मला कुणी इचारलं नाय."

मालतीबाई भाजीच्या करंडीवर बसल्या.

"बरं. आता विचारते. काय करायचं, तू सांग."

चिमाने मांडीवरचं गाठोडं खाली ठेवलं. "मालवणला जायचं," ती म्हणाली. "किल्ला बघायचा. आनि घंटी वाजवायची नाय. चहा नाय, पानी नाय, लुगडं धुनं नाय. माथेरानला मी करन. हितं नाय करनार. तुमाला बोलावं वाटलं तर तुमी खाली या."

"येईन."

"आनि 'माज्या जोडीनं' असं कुनाला बोलू नका. जोडीनं नाय आलो आपुन."

त्यानंतर मालतीबाईंनी आपली साडी आपण पिळली, आपलं अंथरूण आपण घातलं. वरच्या मजल्यावरच्या बायका विचारत, "तुमची बाई दिसत नाही कामाला? आळशी दिसते." पहिल्या दिवशी बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी मात्र म्हणाल्या, "ती कामाला आलेली नाही. दर्या बघायला आली आहे. तिला दिसत नाही एवढंच, आणि ते माझ्यामुळे." बायकांना ते बोलणं कसंसंच वाटलं असावं, त्या मग त्यांच्याशी बेताने बोलू लागल्या. सुचेताबाई तेवढी जवळ येऊन बसायची.

दिवसातून तीनचार वेळा बाई खाली जात. जंजिऱ्याला, रत्नागिरीला मंडळी उतरली, तेव्हाही त्या बोटीवरच राहिल्या. सुरुवातीला चिमा नीट बोलत नव्हती. त्या आयेशी, सोनुबाईशी, तिची गट्टी जमली होती. दोघी त्या लांबट भोकाशी आडव्या पडून पाण्याकडे बघत. बाई आल्या की सोनुबाई सरकून जागा द्यायची. एकदा डॉल्फिनांचा कळप दिसला. चिमा ओरडली, "बाय, मान घाला हिकडं!" मालतीबाईंनी जमिनीवर पालथं पडून, फेसाचा मार तोंडावर घेत, त्या काळ्या पाठी वरखाली होताना बघितल्या. वरच्या मंडळींना तेव्हा जेवणाची घंटा झाली होती. त्यांतल्या कुणी ते पाहिलं नाही.

मालवणला बोट लांब उभी राहिली. किल्ल्याकडे न्यायला कंपनीच्या होड्या आल्या. वरच्या वर्गाची मंडळी एकेक करून उतरू लागली. नोकरांनी सामानाजवळ थांबायचं होतं. मालतीबाईंनी हे आदल्या दिवशीच शरच्चंद्रला विचारून ठेवलं होतं, त्यामुळे त्यांनी वाद घातला नाही. बोटीभोवती शहाळी विकायला आलेल्या होड्यांपैकी एका म्हाताऱ्या होडीवाल्याला त्यांनी वरूनच हाक मारली.

"दोघींना किल्ल्यावर नेऊन आणाल का हो?"

"न्हेतंय की. या," तो म्हणाला.

शरच्चंद्र शिडीशी उभा होता. "बाई, तुमच्या भाड्यात कंपनीची होडी धरलेली आहे. ती फुकट जाईल."

"जाऊ द्या," मालतीबाई म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "हिला खाली उतरायला तुमची हरकत आहे?"

तिकिटावर तसं काही लिहिलेलं नव्हतं. त्याने शिडी मोकळी करून दिली आणि चिमाला उतरताना हात दिला.

चिमा होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला बसली. तिला समोर आता सगळा समुद्र होता, तिन्ही बाजूंनी. एकदा तिने हात बुडवला, बोटं चाटली आणि तोंड वेडंवाकडं केलं. होडीवाला हसला. मालतीबाई मागे बसल्या होत्या. त्यांना तिची पाठच दिसत होती. तिच्या तोंडावर काय आहे, हे बघायला त्या पुढे सरकल्या नाहीत.

किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याची विहीर होती. कंपनीची मंडळी तिथे कोंडाळं करून उभी होती. तटात राहणारी एक बाई पाणी शेंदत होती आणि येईल त्याच्या ओंजळीत वरून ओतत होती. चिमाला खरं वाटेना. "दर्यात गोडं?" ती तीनदा प्याली. मालतीबाईंनीही ओंजळ पुढे केली. मग दोघी तटावर चढल्या आणि उन्हं कलेपर्यंत तिथेच बसून राहिल्या. चिमाने पलीकडे काय आहे ते विचारलं. अरबस्तान, बाई म्हणाल्या. तिथे डोंगर आहेत का, चिमाने विचारलं. ते मालतीबाईंना ठाऊक नव्हतं, आणि तसं त्यांनी सांगितलं.

सुचेताबाई मालवणला उतरून गेली होती, तेव्हा तिचा बिछाना मोकळा झाला. संध्याकाळी शरच्चंद्र आपणहून आला. फरक भरला तर चिमाबाई वर येऊ शकतात, म्हणाला. त्याच्या तोंडचं 'चिमाबाई' ऐकून मालतीबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. पण हो म्हणाल्या नाहीत. "तिला विचारते," म्हणाल्या.

चिमा वर आली, खोली बघून गेली. खिडकीतून डोकावली, गादी हाताने दाबून पाहिली. मग खाली जाऊन सोनुबाईचा निरोप घेऊन, गाठोडं घेऊन परत आली.

परतीच्या वाटेवर ती दिवसभर वरच्या कठड्याशी उभी राहिली. कुणी तिला खाली जा म्हटलं नाही. एकदोन बायकांनी आपल्या खुर्च्या जरा लांब नेल्या.

मुंबई दिसायला लागली तेव्हा चिमा म्हणाली, "आता उतरल्यावर मी परत चाकर?"

मालतीबाईंना गोड उत्तर देता आलं असतं. "हो," त्या म्हणाल्या. "घरी तू कामाला आहेस, आणि मी पगार देते. तो कमी असेल तर बोल, ते वेगळं. पण इथे मी तुला सोबत म्हणून आणलं होतं, आणि तिकीट मात्र चाकराचं काढलं. ते वाईट केलं मी."

"वाईटच केलंत," चिमा म्हणाली. मग काही वेळाने, "पगार कमीच हाय."

तो वाढला. मागची पडवीही त्या उन्हाळ्याआधी बंदिस्त झाली. वाऱ्याच्या बाजूला कूड घातला, दार बसवलं, लाकडं बाहेर काढली. भाडं मात्र मालतीबाईंनी चौथाईच ठेवलं. ते वाढवलं तर मुंबईची मंडळी गड्यांना बाहेर ओट्यावर निजवतील, असं चिमाचं म्हणणं पडलं. आणि हंगामाचं पहिलं बिऱ्हाड आलं, तेव्हा त्यांच्याबरोबरच्या आयेला पडवी दाखवायला चिमाच पुढे गेली. "हितं निजायचं," ती तिला म्हणाली, "आनि पानी तापलं की पयलं तुमी घ्या. मालकीन उठायच्या आदी."